गोठण्याचा बोअर

साताऱ्या-सांगलीकडे बोअर कुणाला सांगावा लागत नाही. माण-खटावात, जत-आटपाडीत उन्हाळा तापला की बोअरची गाडी रात्री-अपरात्री गावात शिरते आणि सगळं घर धुरळ्यात उभं राहतं. दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट. येणारा-जाणारा एकच विचारतो, "पाणी लागलं का?"

याच मुलखात, सह्याद्रीच्या कुशीत, कोयना आणि वारणा या दोन धरणांच्या पट्ट्यात गोठणे गावी एक बोअर आहे. तो पाण्यासाठी मारलेला नाही. खोली ३,००० मीटर, म्हणजे जवळजवळ दहा हजार फूट. ज्या डोंगरांवर पाऊस कोसळतो तिथे पाण्यासाठी इतकं खाली कोण जाईल? २०१७ साली तो तळाला पोचला तो एक प्रश्न घेऊन : इथली जमीन हलते ती का?

दिसायला त्याच्याकडे काही नाही. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच, लांबूनही डोळ्यांत भरणारी. हा मात्र सगळाच्या सगळा जमिनीखाली. वर रुंद, आणि खाली जाईल तसा अरुंद होत गेलेला. ढासळू नये म्हणून टप्प्याटप्प्याने पोलादी नळ्या चढवलेला. त्याची थोरवी बघायची सोय नाही. ती मानायची तर त्याचं घराणं ठाऊक हवं.

त्या घराण्याची सुरुवात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाली. चार वाजून गेले होते. थंडीचे दिवस, माणसं झोपेत, घरं दगडमातीची. कोयनानगर आणि आसपासची गावं काही क्षणांत खाली आली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारांवर जखमी झाली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, कणखर, न हलणारी भूमी, असं तोवर शिकवलं जात होतं. त्या पहाटेने ते शिकवणं मोडलं.

अशा सकाळी माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो शास्त्रज्ञाचा नसतो. ढिगाऱ्यापुढे बसलेली बाई विचारते, "माझंच घर का?" या प्रश्नाला उत्तर नाही, हे तिलाही कळत असतं. तरी ती विचारते. गेलेलं माणूस परत येत नाही, हे सोसायला माणूस कसाबसा शिकतो; पण ते उगाच गेलं, त्याला काही अर्थच नव्हता, हे त्याला सोसवत नाही. म्हणून कारण हवंच असतं. कुणी कोपाकडे बोट दाखवतं, कुणी नशिबाकडे, कुणी धरणाकडे. ही बोटं दाखवणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होऊ नये. त्या सगळ्यांना हवं होतं तेच पुढे शास्त्रज्ञांना हवं झालं. फरक एवढाच की शास्त्रज्ञांनी बोट दाखवून थांबायचं नाकारलं. जिथे कारण असेल तिथवर जायचं, असं त्यांनी ठरवलं.

"माझंच घर का?" या प्रश्नाला जायला जागा नाही. "जमीन का हलली?" या प्रश्नाला आहे. मला वाटतं, माणसाची सगळी जिज्ञासा या एका वळणावर जन्मते. ज्या प्रश्नाला पत्ता नाही त्याच्यापासून माणूस हटत नाही. त्यातूनच तो पत्ता असलेला दुसरा प्रश्न घडवतो आणि त्याच्यामागे पिढ्या घालवतो.

इथे पत्ता होता पायाखालचा. १९६२ च्या सुमारास कोयनेच्या जलाशयात, शिवाजीसागरात, पाणी साठू लागलं आणि थोड्याच काळात बारीक धक्के जाणवू लागले. पुढे दिसलं की धक्क्यांची आणि पाण्याच्या पातळीची सांगड आहे. पावसाळा संपून जलाशय भरला की ते वाढतात, आणि पाणी उतरू लागलं की पुन्हा. वारणेचं धरण १९८५ पासून भरू लागलं. १९९३ पासून तिकडेही मोठे धक्के बसले. वारणेकडच्या शिराळा तालुक्यातल्या लोकांना कोयनेकडच्या पाटणच्या लोकांचा अनुभव आला. जगात आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, चीनमधलं शिनफेंगजियांग अशा मोठ्या जलाशयांपाशीही जमीन जोरात हलली आहे. पण धरणाशी जोडलेला सर्वांत मोठा भूकंप कोयनेचाच मानतात, आणि इथले धक्के साठ वर्षं झाली तरी थांबलेले नाहीत. जेमतेम वीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात ते होतात, आणि बहुतेकांचं केंद्र दहा किलोमीटर खोलीच्या आत. म्हणजे कारण फार लांब नव्हतं. कुणीतरी खाली उतरायला हवं होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यांनी हा प्रश्न तरुणपणी हाती घेतला आणि म्हातारपणापर्यंत सोडला नाही. खोल बोअर घ्यायला हवा, हे त्यांनी लावून धरलं. आधी या पट्ट्यात दीड किलोमीटरपर्यंतचे नऊ बोअर घेतले गेले. हे गोठण्याच्या बोअरचे थोरले भाऊ. त्यांतून काढलेले खडकाचे लांब दंडगोल कराडजवळ हजारमाचीच्या संशोधन केंद्रात जपून ठेवले आहेत. काही बोअरांत भूकंपमापक उतरवले, कारण वरच्या भेगाळ कातळातून येताना लाटा विस्कटतात. खाली कान लावला तर स्पष्ट ऐकू येतं. या भावंडांच्या अनुभवावर धाकटा तीन किलोमीटर गेला.

त्याचा स्वभाव सांगायचा तर तो आधीच ठरवलेलं उत्तर घेऊन खाली गेला नाही. पहिले सव्वा किलोमीटर काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. त्याखाली ग्रॅनाइटी खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. छिन्नीने जे फोडलं त्याचा चुरा चिखलाबरोबर वर आला, आणि तो कोणत्या खोलीचा हे नोंदलं गेलं. जे आहे ते वर आणायचं, मग ते कुणाच्या सिद्धांताला सोयीचं असो वा नसो. धरणाला दोष देणारे आणि धरणाला निर्दोष ठरवणारे, दोघांपुढेही त्याने तोच चुरा ठेवला.

आणि या बोअरलाही पाणी लागलं. तीन किलोमीटरपर्यंत सापडलेलं हे पाणी तपासलं तेव्हा ते पावसाचं निघालं. कोयनेच्या डोंगरावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून मुरत इतका खाली पोचला होता. खडक आधीच ताणलेले आहेत, इतके की थोडा फरकही त्यांना हलवायला पुरतो, हेही दिसलं. कोडं इथे उलगडू लागतं. कोयनेत १०५ टीएमसी पाणी, म्हणजे सुमारे तीनशे कोटी टन. तरी नुसतं त्या ओझ्याने डोंगर फुटत नाही. शेकडो वर्षांचा ताण भेगेत साठलेला असतो. पाणी आत शिरून तिथला दाब वाढवतं, भेगेच्या दोन्ही बाजूंची एकमेकांवरची पकड सैल करतं, आणि साठलेला ताण सुटतो. ताण धरणाने घातलेला नाही. तो सुटायला धरण निमित्त झालं.

हे कळून काय मिळालं, असं विचारणारे भेटतात. पुढचा धक्का कोणत्या तारखेला बसेल, हे बोअर सांगत नाही. आज जगात कुणीच सांगू शकत नाही. पण कोप मानला तर हात जोडण्यापलीकडे काही उरत नाही, आणि नशीब मानलं तर तेही नाही. कारण कळलं की करण्याजोगं काही हाती येतं. जलाशय किती वेगाने भरायचा, पातळी किती काळ वर ठेवायची, घराच्या भिंती कशा बांधायच्या, जुनी दगडमातीची घरं कुठे आधी मजबूत करायची, हे सगळं त्या एका उत्तरातून निघतं. म्हणून माणसाची 'का' विचारण्याची खोड मला त्याची सर्वांत उपयोगी खोड वाटते. ती दुःखाला शेवट मानत नाही.

या बोअरचं काम अजून पुरं झालेलं नाही. धक्के उगम पावतात त्या थरांपर्यंत जायला याहून खोल बोअर लागेल, आणि तो बेत याच योजनेत मांडलेला आहे. तो पुरा व्हावा, त्यासाठी पैसा आणि माणसं कमी पडू नयेत. आणि उत्तर इंग्रजी शोधनिबंधांत अडकून पडू नये. पाटणच्या आणि शिराळ्याच्या शाळेतल्या मुलांना हजारमाचीला नेऊन ते खडक हातात द्यावेत, त्यांच्या आई-वडिलांना त्याचा अर्थ मराठीत सांगावा. धरणाने महाराष्ट्राला वीज दिली; त्यासाठी ज्यांनी जमिनी सोडल्या आणि ज्यांच्या भिंती आजही तडकतात, त्यांचा या उत्तरावर पहिला हक्क आहे. कारण प्रश्न मुळात त्यांनी विचारला होता.