निरोगी बाळावर शस्त्रक्रिया कशासाठी?

अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आयांचे फोन मला अधूनमधून येतात. नातू एक-दोन दिवसांचा असतो आणि दवाखान्यात संमतीचा कागद पुढे आलेला असतो : सुंता करायची का? घरात तशी रीत नसते, बाळाला काही झालेलंही नसतं. पण प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की, नाही म्हणणं म्हणजे बाळाची हयगय करणं, असं त्या मुलीला वाटू लागतं. बालशल्यचिकित्सक म्हणून माझं उत्तर ठाम आहे : गरज नाही. त्यामागची कारणं फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून इथे मांडते.

नवजात मुलाच्या शिश्नाची पुढची त्वचा आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. ती मागे सरकत नाही, हा आजार नव्हे. डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासून 1968 साली निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांत ही त्वचा थोडीफार चिकटलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी जेमतेम 3 टक्के मुलांत. वाढत्या वयाने जे होतं, त्यासाठी सुरी कशाला?

त्याआधी, 1949 साली, डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की इंग्लंड-वेल्समध्ये पाच वर्षांखालची सरासरी 16 मुलं दरवर्षी या शस्त्रक्रियेपायी दगावत होती. निरोगी मुलं! ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. वैद्यकीय कारण नसलेल्या सुंतेचा खर्च तिने उचलला नाही आणि तिथली ही प्रथा झपाट्याने ओसरली. अमेरिकेत विमा पैसे देत राहिला, प्रथाही टिकली. तिथल्या गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतून कॅलिफोर्नियाने हा खर्च 1982 मध्ये वगळला, पुढे आणखी काही राज्यांनीही. 2009 मधल्या एका अभ्यासात आढळलं की, मेडिकेड जिथे पैसे देतं त्या राज्यांतल्या रुग्णालयांत सुंतेचं प्रमाण 24 टक्के-अंकांनी जास्त आहे. राज्याची सीमा ओलांडली की बाळाची शरीररचना बदलत नाही. बदलतं ते बिल कोण भरणार, एवढंच. मला या सगळ्या वादातला हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

फायदे काहीच नाहीत, असं मी म्हणणार नाही. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग कमी होतो. मात्र तो पहिल्या वर्षात शंभरातल्या एखाद्याच मुलाला होतो. म्हणजे एक संसर्ग टाळायला शंभराहून अधिक बाळांवर शस्त्रक्रिया, आणि तो संसर्ग तर औषधाने बरा होतो. मूत्रमार्गात जन्मजात दोष असेल, संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर मी स्वतः सुंता सुचवते. एचआयव्हीचं म्हणाल, तर दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटली. पण ते सगळे जाणते पुरुष होते, स्वतः होकार दिलेले. तान्ह्या बाळाला ती घाई नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही 2012 मध्ये फायदे जोखमीपेक्षा जास्त मानले, तरी सरसकट शिफारस केली नाही; डच डॉक्टरांच्या संघटनेने तर 2010 मध्येच उघड विरोध नोंदवला होता.

कायद्याचा प्रश्न अधिक नाजूक. जर्मनीतल्या कोलोनमध्ये एका मुस्लिम कुटुंबातल्या चार वर्षांच्या मुलाला सुंतेनंतर रक्तस्राव झाला. 2012 मध्ये तिथल्या न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष सोडलं, पण अशी सुंता ही शारीरिक इजा ठरते, असा निर्वाळा दिला. ज्यू आणि मुस्लिम समाज हादरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने पालकांना मुभा देणारा कायदा केला. मला बंदी नको आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायली आठव्या दिवशी सुंता करतात, मुस्लिम घरांतही ती होते. बंदीने श्रद्धा जाणार नाही, फक्त मूल अडाणी हातात जाईल. त्यापेक्षा प्रशिक्षित हात, वेदनाशमन आणि घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार आहे का याची चौकशी, एवढं सक्तीचं करा.

ज्यांच्या घरात ही रीतच नाही, त्या पालकांनी त्या कागदावर निःसंकोच ‘नाही’ लिहावं. आणि इथल्या आयांनो, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला ती त्वचा मागे ओढू देऊ नका. ओढल्याने जखम होते, आणि मग खरंच शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. लघवी थेंबथेंब होत असेल, त्वचा पांढरी आणि कडक पडत असेल, तर मात्र लगेच दाखवा.