भिजलेला गहू अन् सोड्याचा पाव



मार्चच्या अवकाळीत उभा गहू भिजला. दाण्याची चमक गेली, व्यापाऱ्यानं भाव पाडला. चार पोती घरी खायला ठेवली, पण पिठाला ताण नाही. चपाती लाटतानाच फाटायची. आईला दात नाहीत, तिचे हाल.

पुतण्या आयर्लंडला नोकरीला आहे. फोनवर म्हणाला, "काका, इकडं हवा ओलसर, गहू मऊ, चिवटपणा कमी. यीस्टचा पाव नीट फुगत नाही. 19व्या शतकात खायचा सोडा आला, तेव्हापासून लोक घरच्या ताकात पाव करतात. जुनी माणसं लोखंडी भांड्यात करायची, झाकणावर निखारे ठेवून."

पहिल्यांदा मी कणकेसारखं मळलं. दगड झाला! मळायचंच नाही, एवढंच गमक.

आता जमलंय. अर्धा किलो पीठ, सपाट चमचा सोडा, चमचाभर मीठ कोरडंच मिसळायचं. त्यात साधारण 400 मिली आंबट ताक घालून हलक्या हातानं गोळा करायचा. वर सुरीनं खोल फुली मारायची, म्हणजे मधलाही भाग शिजतो. ताकाची आंबटाई अन् सोडा भेटला की लगेच वायू सुटतो, म्हणून भांडं आधीच तापलेलं हवं. आमच्या बिडाच्या भांड्यात, खाली-वर निखाऱ्यावर पाऊण तास लागतो. तळाला टकटक केल्यावर पोकळ वाजलं की झाला. सोडा जास्त पडला तर कडवट लागतो.

आई दुधात बुडवून खाते. गेलेला भाव काही परत आला नाही, पण गहू ताटात आला.

एक सांगतो, बुरशी लागलेला गहू खाऊ नका, जनावरालाही घालू नका. अन् भिजलेला गहू उगवण तपासल्याशिवाय बियाण्याला ठेवू नका.