आकडे ठीक होते

आजीला अ‍ॅडमिट केलं त्या रात्री मी मॉनिटरकडे बघत बसलो होतो. ऑक्सिजन ९५, नाडी ९०, बीपीही बरं. अडीचच्या सुमाराला सिस्टर आल्या, आजीच्या कपाळाला हात लावला, दोन प्रश्न विचारले आणि डॉक्टरांना फोन करायला निघाल्या.

"आकडे तर ठीक आहेत," मी म्हणालो.

"हो, पण मघाशी आजी माझ्याशी भांडत होत्या. आता भांडत नाहीयेत."

तासाभरात बीपी घसरलं. तोवर डॉक्टर येऊन उपचार सुरूही झाले होते.

मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आकड्याने मर्यादा ओलांडली की अलर्ट, हेच माझं काम. सिस्टरना त्याआधी काय दिसलं, हे शोधता शोधता पॅट्रिशिया बेनर यांच्यापाशी पोहोचलो.

बेनर मूळच्या नर्स, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या नर्सिंग स्कूलमध्ये प्राध्यापक. बर्कलेच्या ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या भावांनी कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. त्यांचा १९८०चा अहवाल अमेरिकी हवाई दलासाठी होता. बेनर यांनी ती मांडणी वॉर्डात नेली. नवखी नर्स आणि अनुभवी नर्स अशा जोड्या घेऊन एकाच प्रसंगाबद्दल दोघींना वेगवेगळं बोलतं केलं. त्यातून १९८४मध्ये 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट' आलं. नवखी नियम धरून चालते. मुरलेल्या नर्सला आधी पेशंट बिघडतोय हे कळतं, कारणं ती मागाहून सांगते.

मला जास्त पटलं ते वेगळंच. हे मुरलेपण कायमचं अंगाला चिकटत नाही. अनोळखी वॉर्डात तीच नर्स पुन्हा नवखी होते. टीम बदलल्यावर माझंही तेच झालं होतं, फक्त पगार वरच्या पायरीचा होता.

अंतःप्रेरणा मोजता येत नाही, अशी टीका बेनर यांच्यावर झाली. ती मला अगदीच चुकीची वाटत नाही; अनुभवी माणसाचा अंदाज आणि पूर्वग्रह बाहेरून सारखेच दिसतात. पण बेनर अंदाजावर थांबल्या नाहीत. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी नर्सिंग शिक्षणाच्या अभ्यासाचं नेतृत्व केलं. २०१०च्या त्या पुस्तकात वर्ग आणि वॉर्ड एकमेकांपासून तोडू नका, हा आग्रह आहे.

आजी घरी आली. दुसऱ्याच दिवशी चहात साखर कमी म्हणून भांडली.

गेल्या आठवड्यात मी टीमला एक बटण सुचवलं: कुठलाही आकडा न भरता, नर्सला नुसतं 'लक्षण बरं दिसत नाही' एवढंच कळवता येईल असं. पहिला प्रश्न आला, "याची अट काय ठेवायची?"

मी अजून ते तिकीट बंद केलेलं नाही.