उस्तादांचं रिव्हॉल्व्हर

गेल्या डिसेंबरात देहरादूनहून भाभीजींचा फोन आला. उस्तादांना जाऊन महिना झाला होता. तेराव्याला मला पोहोचता आलं नव्हतं, त्यामुळे काय बोलावं हे सुचत नव्हतं. त्यांनीच विषय काढला. "भाईसाहब, उनका रिवॉल्वर आप ले लीजिए. दुकान में जमा करा दिया है. बेटा कहता है उसे नहीं चाहिए. घर में किसी को उसकी समझ भी नहीं है."

"सोचकर बताता हूँ, भाभीजी," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मन त्याच क्षणी 'हो' म्हणालं होतं.

उस्ताद म्हणजे माझे पहिले आर्मरर हवालदार. 1985 साली ट्रेनिंग संपवून मी तेजपूरला हजर झालो, तेव्हा वर्कशॉपमध्ये त्यांच्याच हाताखाली लागलो. आर्मरर म्हणजे पलटणीतल्या हत्यारांचा वैद्य. मोर्चावर जाणाऱ्याचं नाव होतं, आर्मररचं होत नाही. पण त्याच्या हातून एक स्प्रिंग उलटी बसली, तर त्या नाव होणाऱ्याचं काय होईल हे उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आसामच्या दमट हवेत लोखंडाला रात्रीत गंज धरतो. एकदा मी एका साहेबांचं खासगी रिव्हॉल्व्हर साफ करून चामड्याच्या होल्स्टरसकट कोतमध्ये ठेवलं. उस्तादांनी ते बाहेर काढून माझ्यापुढे आपटलं. चामडं ओल धरतं, कमावताना त्यात मुरलेलं रसायनही सुटतं, आणि दोन्ही मिळून हत्यार खातात. होल्स्टर कमरेला लावण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही. त्या दिवशी मी सगळ्या कोतची हत्यारं पुन्हा पुसली. पुढे लेहला एकत्र होतो, तेव्हा याच्या उलटा धडा. बाहेरच्या थंडीतलं हत्यार बुखारीच्या उबेत आणलं की त्याला घाम सुटतो. तो घाम आतल्या भागांत उतरतो आणि पुन्हा बाहेर गेलं की गोठतो. म्हणून हत्यार एक तर बाहेरच ठेवायचं, नाही तर आत आणल्यावर घाम निघून जाईपर्यंत थांबून पुसायचं. "हथियार काग़ज़ से नहीं, हाथ से अपना होता है," असं ते म्हणायचे. कागद म्हणजे परवाना.

आमची दोघांची रिव्हॉल्व्हरं कानपूरची. 2003 साली आम्ही दोघंही तिथे पोस्टिंगवर होतो. एकाच महिन्यात परवानगी आली आणि एकाच दिवशी जाऊन घेतली. बत्तीस बोअर, सहा गोळ्या, मधून मोडून उघडणारी. अंगानं मध्यम. खिशात मावणार नाही, पण हाताला भरीव लागतं. सैन्य-पोलिसांच्या वापरातल्या अडतीस बोअरचं हत्यार सामान्य नागरिकाला सहसा परवान्यावर मिळत नाही, म्हणून आपल्याकडे नागरी वापरात बत्तीसच जास्त दिसतं. मूळ आराखडा इंग्रजांच्या वेब्ली जातीचा. घोड्याची ओढ जड, आवाज मोठा, पण धक्का सौम्य. पुढे 2014 मध्ये कानपूरहूनच हलक्या मिश्रधातूचं 'निर्भीक' निघालं. ते हातात घेतल्यावर उस्ताद म्हणाले होते, "अच्छा है, पर मेरे हाथ को अपना वज़न चाहिए."

तर प्रश्न असा की माझ्याकडे हुबेहूब तसंच एक असताना दुसरं कशाला?

आणि प्रश्न नुसता हौसेचा नव्हता. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची. डिसेंबर 2019 मध्ये कायदा बदलला आणि मर्यादा दोनवर आली. ज्यांच्याकडे तीन होती, त्यांना तिसरं जमा करायला एक वर्ष मिळालं. माझ्याकडे तीन होती. वडिलांची बारा बोअरची दुनळी, निशाणेबाजीच्या नादात घेतलेली बावीसची रायफल आणि हे कानपूरचं रिव्हॉल्व्हर. 2020 मध्ये मी रायफल दुकानदाराकडे देऊन टाकली. त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे इथे कबूल करतो.

आता उस्तादांचं घ्यायचं म्हणजे उरलेल्या दोनपैकी एक द्यावं लागणार. वडिलांची बंदूक द्यायची? तिच्यावर वडिलांनी आयुष्यभर रानडुकरांपासून भुईमूग राखला. 1997 साली ते गेले आणि पुढच्या वर्षी ती माझ्या नावावर झाली. दर खंडेनवमीला तिला झेंडूची माळ घालतो. मग माझं रिव्हॉल्व्हर द्यायचं आणि त्याच जागी उस्तादांचं ठेवायचं? हिशेबानं तेच बरोबर होतं. तीच बोअर, तीच काडतुसं, नंबर तेवढा वेगळा. जिल्हाधिकारी कार्यालयात चार खेपा झाल्या असत्या, पण झालं असतं. मी कागद काढून दोन रकाने आखले. एका बाजूला 'घ्यावं', दुसऱ्या बाजूला 'घेऊ नये'. पहिल्या रकान्यात एकच ओळ आली, 'उस्तादांचं आहे'. दुसऱ्यात नऊ ओळी आल्या. तरी पारडं पहिल्याकडेच झुकत होतं.

जानेवारीत एका लग्नासाठी दिल्लीला जायचंच होतं. म्हटलं, देहरादूनलाही जाऊन येऊ. घेऊ न घेऊ, निदान बघून तरी येऊ.

क्लेमेंट टाउनमधल्या घरी भाभीजींनी चहा केला. उस्तादांची काठी अजून दाराशीच होती. शेवटची दोन वर्षं उजव्या अंगावरून वारं गेलेलं, हे मला फोनवर माहीत होतं. डाव्या हातानं जेवायचे, हे मात्र तिथे कळलं. मग त्यांच्या मुलाबरोबर आम्ही दुकानात गेलो. माणूस गेल्यावर घरच्यांनी त्याचं हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं असतं. मुलानं ते वेळेवर केलं होतं.

दुकानदारानं आतून पुडकं आणून काउंटरवर ठेवलं. कापड सोडलं आणि माझा हात तिथेच थांबला.

रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये होतं.

बाहेर काढलं तेव्हा चामड्याचा डाग नळीच्या डाव्या अंगावर उमटलेला. उघडून उजेडाकडे धरलं तर नळीत तपकिरी पट्टे. सहापैकी दोन घरांत खड्डे पडायला लागलेले. पट्ट्यातल्या खडकीच्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर. ज्या माणसानं मला होल्स्टरसाठी सगळी कोत पुसायला लावली, त्याचं हे हत्यार. उजवा हात गेल्यावर त्यांना ते उघडताही येत नसणार. कुणाला सांगणार? भाभीजी हात लावायला घाबरायच्या. मुलगा बंगळूरूला. परवाना मात्र शेवटपर्यंत चालू होता. कागद शाबूत होता, हात गेला होता.

मी दुकानदाराकडे तेल आणि चिंद्या मागितल्या. अर्धा तास लागला. वरवरचा गंज निघाला, खड्डे राहिले. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "अंकल, पापा भी ऐसे ही बैठते थे." मी मान वर केली नाही.

रात्री पत्नीला फोन केला. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यातली निम्मी तिनं एकटीनं काढली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुमच्यामागं मी कुणाला फोन लावायचा?"

नऊ ओळींत ही ओळ नव्हती.

आमचा मुलगा पुण्याला संगणकावर काम करतो. त्याला हत्यारांची आवड नाही, आणि त्यात गैर काही नाही. मी साठी ओलांडली आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, सकाळी बोटं आखडतात. उस्तादांचं रिव्हॉल्व्हर मी फार तर दहा वर्षं चांगलं ठेवेन. मग पुन्हा तेच पुडकं, तेच दुकान, आणि त्याच्यासमोर उभी माझी बायको. आठवण म्हणून घेतलेली वस्तू मी तिच्या डोक्यावर ठेवून जाणार होतो.

सकाळी भाभीजींना नाही म्हणालो. पलटण सोडतानासुद्धा एवढं अवघड गेलं नव्हतं. त्या गप्प बसल्या. मग मी कारण सांगितलं, होल्स्टरचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आख़िरी दिनों में कहते थे, किसी से साफ़ करवा दो. मैंने सोचा बस यूँ ही कह रहे हैं."

दुकानदाराशी बोलून ठरवलं की कुणी परवानाधारक घेणारा मिळाला तर त्याला खड्डे दाखवूनच विकायचं. घरी परतल्यावर मी आणखी एक काम हातात घेतलं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे असलेलं हत्यार जिवंतपणीच वारसाच्या नावावर करायची सोय नियमांत आहे. वडिलांची दुनळी मुलाच्या नावावर व्हावी, असा अर्ज आधी लिहिला होता. तो फाडला. गावाकडे शेती बघणारा माझा पुतण्या लहानपणापासून त्या बंदुकीची नळी माझ्याबरोबर पुसतो. त्याच्या नावावर करता येईल का, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात चालू आहे. होईल तेव्हा होईल. दरम्यान दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येतो आणि मी फक्त बघतो.

निघताना भाभीजींनी एक लहान डबी दिली होती. आत उस्तादांचा पुलथ्रू. आमच्याकडे त्याला 'फुलत्रू'च म्हणतात. दोरी, टोकाला पितळेचं वजन, आणि फासात अडकवलेली एक जुनी चिंदी. याला परवाना लागत नाही. माझ्या रिव्हॉल्व्हरला तो चालणार नाही, तो रायफलचा आहे. तरी यंदाच्या खंडेनवमीला पाटावर मांडणार आहे.

आणि हो, वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या कपाटात हत्यार आहे, त्यांनी आज एवढं करा. होल्स्टरमध्ये असेल तर बाहेर काढा.