लाकूड वाचतं, वीज जाते

सॅक्सनीच्या फ्रीडरिश केलरने १८४०च्या दशकात ओल्या, फिरत्या दगडावर लाकूड घासून कागदाचा लगदा काढला. आज बहुतेक ठिकाणी दगडाऐवजी रिफायनरच्या खाचदार पोलादी तबकड्या फिरतात.

*

न्यूजप्रिंटसाठी स्प्रूसचा थर्मोमेकॅनिकल लगदा, म्हणजे लाकडाच्या चिप्स वाफेने तापवून रिफायनरमध्ये दळलेला: टनाला २,००० युनिटांहून जास्त वीज. महिना दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला ती वर्षभर पुरून उरेल. रासायनिक पद्धतीत निम्मं लाकूड विरघळून जातं, पण तेच जाळून कारखाना चालतो. थर्मोमेकॅनिकलमध्ये ९० टक्क्यांहून जास्त लाकूड लगद्यात उतरतं, जाळायला फारसं उरत नाही, म्हणून वीज विकत घ्यावी लागते.

*

जाते कुठे ही वीज? तंतू सुटे करायला तिचा अगदी थोडा भाग पुरतो. बाकीची तबकड्यांच्या फटीत उष्णता होऊन पाण्याची वाफ करते. चांगला कारखाना ती वाफ धरतो आणि तिच्यावर कागद वाळवतो. म्हणजे रिफायनरची वीज घटली की वाफही घटते; तेवढी बॉयलरमधून आणावी लागते. बचतीचा आकडा वाचताना मी आधी हे पाहतो. मग लगद्याची ताकद. जाडाभरडा लगदा कमी विजेत कोणीही काढेल; सारख्या मजबुतीचे लगदे शेजारी ठेवले तरच तुलना खरी.

*

लाकूड जास्त तापवून मऊ का करू नये? स्वीडनच्या आर्ने आस्प्लुंडने १९३०च्या दशकात तेच केलं. तंतू फार थोड्या विजेत सुटले, पण त्यांच्यावर लिग्निनचा, म्हणजे लाकडात तंतूंना जोडणाऱ्या द्रव्याचा, लेप बसला, थंड झाल्यावर काचेसारखा कडक. फायबरबोर्डला चाललं, छपाईच्या कागदाला नाही.

यावरची पुढची युक्ती मला फार आवडते. चिप्स जास्त तापवायच्या, पण काही सेकंदच, आणि तबकड्या मिनिटाला १,५०० ऐवजी २,३०० फेऱ्यांच्या आसपास फिरवायच्या. लेप बसायला वेळच मिळत नाही.

*

शेवटचा टप्पा पातळ लगद्यावर, चारेक टक्के तंतू ठेवून केला तरी वीज वाचते. फट फार आवळली तर तंतू तुटतात.

*

अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतलं काम: चिप्स वाफेने निर्जंतुक करून त्यांवर सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा ही बुरशी दोन आठवडे वाढवायची. रिफायनरची सुमारे ३० टक्के वीज वाचली, कागद मजबूत झाला. शुभ्रता मात्र उतरली, आणि ढिगाला सतत हवा देऊन थंड ठेवावं लागतं. तरी या वाटेवर पैसा घालावा असं मला मनापासून वाटतं, कारण बुरशी तंतूची भिंत रिफायनरच्या आधीच सैल करते.