शनिवारी घाणा न फिरवणारे तेली : पनवेलच्या बेने इस्रायलांची गोष्ट

१/ पनवेल म्हटले की आज डोळ्यांपुढे येते ते रेल्वेचे जंक्शन, द्रुतगती मार्ग आणि उंच इमारती. जुन्या पनवेलमध्ये शिरले की मात्र देवळे आणि मशिदी यांच्या शेजाराला एक यहुदी प्रार्थनागृह उभे दिसते. नाव ‘बेथ एल’, म्हणजे देवाचे घर. बांधणी १८४९ ची. ते बांधणारे कोण होते आणि गेले कुठे? 🧵

२/ पनवेल हे मुळात खाडीकाठचे बंदर. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईचा प्रवासी बोटीने पनवेलला उतरे आणि खोपोलीमार्गे घाट चढे. घाटावरचा माल येथेच गलबतांत भरला जाई. बैलगाड्यांची चाके करणारे येथील सुतार दूरवर नावाजलेले होते. अशा वाहत्या गावात नाना जातिधर्मांचे लोक वस्तीला आले.

३/ त्यांतले एक बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणभर पसरले आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले : शनिवार तेली.

४/ आडनावे पाहा : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, पनवेलचे पनवेलकर. देव जेरुसलेमचा, पत्ता रायगडचा आणि घरात बोली मराठी.

५/ घाण्यावरचे अनेक तरुण पुढे कंपनी सरकारच्या पलटणींत गेले. त्यांपैकीच सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनागृह उभारले. कोचीहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी विधी शिकवले. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. विसरलेली प्रार्थनेची भाषा अशी मायबोलीच्या वाटेने परत आली.

६/ पाठोपाठ कोकणात प्रार्थनागृहे उभी राहिली : रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९. हे लोक स्वतः त्यांना ‘मशीद’ म्हणत. शेजारच्यांच्या भाषेतलाच शब्द त्यांनी उचलला होता.

७/ स्वयंपाकघरातही असेच झाले. यहुदी धर्मनियमाप्रमाणे मांसाबरोबर दूध चालत नाही. कोकणात नारळ मुबलक; त्यामुळे रस्सा नारळाच्या दुधात शिजू लागला. नवस फेडताना एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, यांच्या नावाने ‘मलिदा’ होतो : पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे. लग्नाआधी मेंदी लागते.

८/ मात्र एका नियमाला पर्याय नव्हता. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला ‘मिनियान’ म्हणतात. नऊ जमले तर तोराची पोथी बाहेर काढून वाचता येत नाही. वस्ती किती उरली हे अशा मोहल्ल्यात खानेसुमारीआधी शनिवारची सकाळ सांगते.

९/ ओहोटी दोन वेळा लागली. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, पनवेल त्या मार्गावर नव्हते. बंदराचे महत्त्व ओसरले आणि मुंबईची ओढ वाढली. मग १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र जन्माला आले. तेव्हा भारतात सुमारे २०,००० बेने इस्रायल होते. आज भारतातला हा समाज पाच हजारांच्या आत आहे.

१०/ येथून त्यांना कोणी हाकलले नव्हते. जगभरच्या यहुदी इतिहासात ही दुर्मीळ गोष्ट. धर्माची ओढ, रोजगाराची आशा आणि आधी गेलेल्या नातलगांची पत्रे यांनी त्यांना नेले. तिकडे उलट त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. विवाहाच्या समान हक्कासाठी त्यांना निदर्शने करावी लागली. १९६४ मध्ये मान्यता मिळाली. कोकणात ‘शनिवार’ म्हणून वेगळे ओळखले गेलेले लोक तिथे ‘हिंदी’ म्हणून वेगळे ठरले होते. तरी मराठी सुटली नाही. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले.

११/ इकडे पनवेल फुगत गेले. १८५२ ची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. वाडे पाडून इमारती उठत आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण शहरातली यहुदी कुटुंबे आता मोजकीच आहेत. कागदावरची मान्यता मोलाची खरी. दहावा माणूस मात्र ती आणून देऊ शकत नाही.

१२/ जुन्या पनवेलला जाणाऱ्यांनी हे प्रार्थनागृह अवश्य शोधावे. परवानगी घ्यावी, डोके झाकावे आणि मगच आत पाऊल टाकावे. गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला ‘शनिवार तेली’ कोण, हेही विचारून घ्यावे. ते सांगू शकणारी पिढीही आता थकत चालली आहे.