१६८ चौकोन

आठवड्याचे तास किती? सात गुणिले चोवीस, १६८. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक युजरच्या नावावर तेवढेच चौकोन असतात. 'लॉगऑन अवर्स' उघडलं की दिसतात. निळा म्हणजे या, पांढरा म्हणजे नंतर या. आत साठवलेले फक्त २१ बाइट्स, तासाला एक बिट. बस्स!

मध्यंतरी आमच्याकडे फर्मान निघालं, रात्री नऊनंतर लॉगिन बंद. कारण दिलं सुरक्षेचं. पण टीममधली एकजण हरखलीच. तिचं बाळ दहा महिन्यांचं. "अरे, म्हणजे आता नऊच्या आत घरी ना?"

काय सांगणार? हे कुलूप फक्त आत येताना लागतं. नऊला पाच मिनिटं कमी असताना जो आत शिरला, तो खुशाल पहाटेपर्यंत बसू शकतो. 'फोर्स लॉगऑफ' नावाची एक पॉलिसी आहे खरी, पण ती फाइल सर्व्हरचं कनेक्शन तोडते, समोरच्या मशीनवरून माणसाला उठवत नाही. त्यात हे तास मोजले जातात यूटीसीत आणि आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपली सीमा कायम अर्ध्यावर पडते. नऊ म्हटलं तर साडेआठ, नाहीतर साडेनऊ!

आणि समजा, मशीन बंद झालंच, तरी फोन आहेच की. "जरा घरून बघतेस का?" या मेसेजला कुठला आलाय चौकोन?

जर्मनीत फोक्सवॅगनने २०११ साली उलटं केलं. कामगार प्रतिनिधींशी करार करून काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने मेल पाठवणंच थांबवलं. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू. म्हणजे माणसाला नाही, कामाला अडवलं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ साली लोकसभेत याचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही.

असो. तुमच्या ऑफिसात असं फर्मान निघालं तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: काम पाठवणाऱ्याचे चौकोनही पांढरे झालेत का?